बेसमेंटमधल्या लाल डब्या: एचडी डीव्हीडीचा संग्रह आज तपासायचा, लावायचा आणि जपायचा कसा

तुमच्या घरी टीव्हीखालच्या कपाटात किंवा बेसमेंटमधल्या एखाद्या खोक्यात पारदर्शक लाल प्लास्टिकच्या, नेहमीच्या डीव्हीडीच्या डबीपेक्षा बुटक्या डब्या पडून असतील, तर या वीकेंडला त्या वर आणा. त्या एचडी डीव्हीडी आहेत, म्हणजे तोशिबाने काढलेला, डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्राचा आणि ब्लू-रेशी स्पर्धेत २००८ मध्ये हरलेला डिस्कचा प्रकार. ब्लू-रेच्या डब्या निळ्या, या लाल. यातली अगदी शेवटची डिस्कसुद्धा २००८ च्या सुमाराची आहे, आणि त्या वाचणारे प्लेअर त्यानंतर दुकानांतून नाहीसे झाले. डिस्कही जुन्या होत चालल्या आहेत आणि प्लेअरही. दोन्ही अजून चालतात, तोवर काय काय उरकून घ्यायचं ते सांगते.

२००६ ते २००८ मी न्यू जर्सीत, एडिसनजवळच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात होम थिएटर विभागात काम करत होते. दुकानाच्या एका बाजूला निळ्या डब्या, दुसऱ्या बाजूला लाल, आणि मध्ये उभं राहून विचारणारे लोक: "यातलं कुठलं टिकेल?" त्यांतली बरीच आपली माणसं होती. त्यातल्या काही घरांशी आजही येणंजाणं आहे, त्यांचे प्लेअर मीच अधूनमधून उघडून दुरुस्त करते. गणपतीच्या कार्यक्रमात हमखास कोणीतरी बाजूला घेऊन विचारतं, "ताई, ते लाल डबे टाकून देऊ का?" टाकू नका. आधी तपासा.

आधी ओळख पटवा

एचडी डीव्हीडी ब्लू-रे प्लेअरमध्ये चालत नाही. घालून पाहिली आणि 'डिस्क वाचता येत नाही' असा संदेश आला, तर ती बाद झाली असं समजू नका. दोन्ही फॉरमॅटचा लेसर एकच, ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा. (डीव्हीडीचा लाल लेसर ६५० नॅनोमीटरचा.) फरक आहे तो माहितीचा थर किती खोल आहे यात. ब्लू-रेमध्ये तो पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो, एचडी डीव्हीडीमध्ये ०.६ मिलिमीटर, म्हणजे साध्या डीव्हीडीइतकाच. ब्लू-रेचं भिंग त्या उथळ थरासाठी घडवलेलं असतं, त्यामुळे खोलवरच्या थरावर त्याचा नेम बसत नाही.

या एका फरकातून पुढचं सगळं भांडण निघालं. थर वर आणल्यामुळे ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी मावले, एचडी डीव्हीडीत १५. दोन थरांचे ५० आणि ३०. उलट तोशिबाचं म्हणणं होतं की आमची डिस्क डीव्हीडीसारखीच ०.६ मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्या चिकटवून होते, त्यामुळे जुन्याच कारखान्यांत थोडे बदल करून ती काढता येते. दोन्ही बाजूंचं खरं होतं. आज आपल्याला या गोष्टीशी कर्तव्य आहे ते त्या दोन चकत्यांमधल्या चिकटवणीमुळे, त्याकडे पुढे येते.

डबीवर 'कॉम्बो' असं लिहिलं असेल तर डिस्कच्या एका बाजूला एचडी डीव्हीडी आणि दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी आहे. अशा डिस्कवर चित्र छापलेलं नसतं, दोन्ही बाजू आरशासारख्या. कुठली बाजू कुठली हे मधल्या भोकाभोवतीच्या कड्यावर बारीक अक्षरात असतं. वाचायला भिंग लागेल. कॉम्बोची डीव्हीडी बाजू कुठल्याही प्लेअरमध्ये चालते, तेव्हा प्लेअर नसला तरी निदान तो सिनेमा हातचा जात नाही. धरताना मात्र कडेला आणि भोकाला धरा. या डिस्कला 'मागची बाजू' नाहीच.

काय ठेवायचं, काय सोडायचं

खोक्यात कुठले सिनेमे आहेत हे त्या वेळी कुठला स्टुडिओ कुणाच्या बाजूला होता यावर ठरलेलं आहे. युनिव्हर्सल पहिल्यापासून फक्त एचडी डीव्हीडीचा. सोनी, डिस्ने आणि फॉक्स फक्त ब्लू-रेचे, म्हणून लाल डब्यांत डिस्ने शोधू नका. वॉर्नर दोन्हीकडे काढायचा. पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स अॅनिमेशनने ऑगस्ट २००७ मध्ये ब्लू-रे सोडून एचडी डीव्हीडीची बाजू धरली.

आणखी एक गोष्ट तपासा: तुमच्याकडे कोणीच मुद्दाम न निवडलेले पाच-एक सिनेमे आहेत का? तोशिबाच्या प्लेअरवर पाच डिस्क टपालाने फुकट मागवायची योजना असायची, त्यातले ते असणार. नोव्हेंबर २००७ च्या सुरुवातीला वॉलमार्टने तोशिबाचा एचडी-ए२ हा प्लेअर ९८ डॉलर ८७ सेंटला विकला. पहिला एचडी-ए१ एप्रिल २००६ मध्ये ४९९ डॉलरला आला होता आणि त्याच वर्षीच्या जूनमधला सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर ९९९ डॉलरला. दीड वर्षात शंभर डॉलरच्या आत भाव आल्यावर आपल्याकडच्या कितीतरी घरांत तो पोचला.

आता निवड. सिनेमा नंतर ब्लू-रे किंवा ४के डिस्कवर चांगला निघाला असेल, तर लाल डबीत जपण्यासारखं एकच उरतं: जादा सामग्री. ती कमी समजू नका. एचडी डीव्हीडीच्या प्रत्येक प्लेअरमध्ये पहिल्या दिवसापासून चित्रात चित्र दाखवण्याची सोय आणि इथरनेटचं सॉकेट सक्तीचं होतं. ब्लू-रेच्या पहिल्या प्लेअरांना ही सक्ती नव्हती. त्यामुळे सिनेमा चालू असताना कोपऱ्यात दिग्दर्शक आणि कलाकार बोलताहेत असे कार्यक्रम लाल बाजूला लवकर आले. 'मेट्रिक्स' मालिकेचा संच मे २००७ मध्ये एचडी डीव्हीडीवर निघाला, ब्लू-रेवर यायला ऑक्टोबर २००८ उजाडला, तो याच कारणाने. इंटरनेटवरून येणारी सामग्री मात्र आता विसरा. जे डिस्कवरच कोरलेलं आहे तेवढंच तुमचं.

चित्राच्या बाबतीत लाल डबीला कमी लेखू नका. वॉर्नर बऱ्याचदा दोन्ही फॉरमॅटसाठी एकच व्हिडिओ वापरायचा, तोच व्हीसी-१ कोडेक (व्हिडिओ कमी जागेत साठवायची पद्धत), तीच फाइल, ३० जीबीत बसेल अशी. दुकानात दोन टीव्हींवर एकच सिनेमा लावून मी लोकांना ओळखायला सांगायचे, कोणालाही खात्रीने ओळखता आलं नाही. एचडी डीव्हीडीची हार चित्रामुळे झालेली नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रे ड्राइव्ह आतच होता, त्यामुळे खेळासाठी घेतलेलं यंत्र आपोआप ब्लू-रे प्लेअर झालं. एक्सबॉक्स ३६० चा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह मात्र १९९ डॉलर देऊन वेगळा घ्यावा लागायचा. आणि शेवटी स्टुडिओंनी ठरवलं.

छोट्या प्रकाशकांच्या मैफली आणि माहितीपट यांची लाल डबी दिसली तर ती आधी बाजूला ठेवा. मोठे सिनेमे पुन्हा पुन्हा निघतात, हे निघतीलच असं नाही.

डिस्कची तपासणी: यात घाई नको

एचडी डीव्हीडी दोन चकत्यांची असते हे वर सांगितलं. ती चिकटवण किंवा आतला चकचकीत थर खराब झाला की डिस्क आतून जाते, पृष्ठभाग कितीही स्वच्छ असो. माझ्याकडे लोक आणतात त्यांतल्या निम्म्याहून जास्त वाईट डिस्कवर एकही ओरखडा नसतो.

दिव्याखाली डिस्क तिरपी धरा. पुसूनही न जाणारे ढगाळ डाग, कडेकडून आत सरकणारी तपकिरी झाक, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसले तर नाव लिहून ठेवा. पण नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. डिस्क प्लेअरमध्ये लावा आणि प्रत्येक प्रकरणाचं पहिलं अर्धं मिनिट पाहत शेवटपर्यंत जा. मग तीच डिस्क एकदा पूर्ण चालू द्या, घरकाम करता करता चालेल. दोन थरांच्या डिस्कवर सिनेमाच्या मध्याच्या आसपास लेसर एका थरावरून दुसऱ्यावर उतरतो. क्षणभर चित्र थबकलं तर ते नेहमीचं आहे. तिथून पुढे चौकोन फुटायला लागले, आवाज तुटला किंवा प्लेअर गोठला, तर आतल्या बिघाडाची शंका घ्या. वहीत वेळ लिहा: तास, मिनिट. सहा महिन्यांनी पुन्हा लावल्यावर अडखळणं वाढलंय का, हे त्या नोंदीवरूनच कळतं.

अडखळली की पहिल्यांदा पुसा. चष्म्याचं मऊ कापड घ्या आणि मधल्या भोकापासून सरळ कडेकडे पुसा, गोल गोल नाही. माहिती गोलाकार रेघेत असते. पुसताना कणामुळे आडवा ओरखडा पडला तर तो एकेका रेघेला जरासाच छेदतो आणि प्लेअर तेवढं भरून काढतो. रेघेच्या दिशेने पडला तर लांबलचक तुकडाच जातो. चिकट डाग असेल तर साधं पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मग धुऊन कापडाने टिपून घ्या. टूथपेस्टने डिस्क घासण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यातली पूड ओरखडे पाडते. आतून गेलेली डिस्क कुठल्याही उपायाने परत येत नाही. ती मनाला लावून न घेता बाजूला काढा आणि तो सिनेमा ब्लू-रेवर शोधा.

प्लेअर: आहे तो सांभाळा, नसेल तर असा घ्या

शुक्रवारी, ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने जाहीर केलं की आम्ही आता फक्त ब्लू-रे काढणार. लास व्हेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनातली एचडी डीव्हीडी गटाची पत्रकार परिषद रद्द झाली. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स, बेस्ट बाय आणि वॉलमार्ट एकामागून एक ब्लू-रेकडे गेले आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने थांबत असल्याचं सांगितलं. त्या आठवड्यात एक काकू दिवाळीत घेतलेला प्लेअर पिशवीत घालून दुकानात आल्या. "अगं, हा आता बंद पडणार का?" मी म्हटलं, "काकू, कंपनी बनवायचं बंद करणार. तुमचा प्लेअर आहे त्या डिस्क लावत राहील." त्यांचा एचडी-ए२ अजून चालतो. ट्रेचा पट्टा मी मध्यंतरी बदलून दिला.

ट्रे बाहेर येताना कुरकुरत असेल, अर्धवट अडत असेल, तर बहुतेक वेळा आतला छोटा रबरी पट्टा सैल झालेला असतो. तो मापाने मिळतो आणि स्वस्त असतो. उघडण्याआधी प्लग काढून ठेवा, तासभर तसाच राहू द्या, आणि वीजपुरवठ्याच्या सर्किट बोर्डाला हात लावू नका, तिच्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही भार धरून ठेवतात. भिंगावर धूळ असेल तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून अगदी हलकेच फिरवा, दाब देऊ नका. भिंग नाजूक स्प्रिंगांवर तोललेलं असतं.

प्लेअर सुरू व्हायला वेळ लागतो म्हणून तो बिघडलाय असं समजू नका. हे प्लेअर आतून लहानसे कम्प्युटर आहेत. एचडी-ए१ मध्ये तर चक्क पेंटियम ४ प्रोसेसर आणि लिनक्स आहे. बटण दाबा, चहा ठेवा आणि या.

जुना प्लेअर विकत घेत असाल तर मॉडेल बघून घ्या. एचडी-ए२ आणि एचडी-ए३ टीव्हीला १०८०आय चित्र देतात, म्हणजे प्रत्येक चित्र अर्ध्या अर्ध्या भागांत पाठवतात. एचडी-ए२०, ए३०, ए३५ आणि एक्सए२ हे १०८०पी, म्हणजे पूर्ण चित्र एकदम देतात. विकणाऱ्याला फोटो नको, व्हिडिओ मागा: एचडी डीव्हीडी आत जाताना, मेनू येताना आणि सिनेमाच्या मध्यावर चालताना. बरेच जण साधी डीव्हीडी लावून 'चालतो' म्हणतात. तेवढ्याने निळा लेसर शाबूत आहे हे सिद्ध होत नाही, कारण डीव्हीडी लाल लेसरवर चालते. सॉफ्टवेअर आधीच अद्ययावत केलेला प्लेअर मिळाला तर तो घ्या. नंतर अपडेट मिळेल या भरवशावर राहू नका. रिमोट असलाच पाहिजे.

दोन्ही फॉरमॅट वाचणारे प्लेअरही निघाले होते. एलजीचा बीएच१०० जानेवारी २००७ मध्ये जाहीर झाला, किंमत ११९९ डॉलर, पण त्यात एचडी डीव्हीडीचे पूर्ण मेनू आणि जादा सामग्री चालत नाही. आपण जादा सामग्रीसाठीच डिस्क जपतोय, तेव्हा माझं मत तोशिबाच्या बाजूने. सॅमसंगचा बीडी-यूपी५००० ही मिळाला तर चांगला.

आजच्या टीव्हीला जोडताना

एचडीएमआय लावली आणि ४के टीव्हीवर चित्रच आलं नाही, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या सॉकेटचा सिग्नल प्रकार साधा, म्हणजे स्टँडर्ड करा. नव्या टीव्हींवर तो बऱ्याचदा वाढीव प्रकारावर ठेवलेला असतो आणि जुन्या प्लेअरशी त्याचं जुळत नाही.

१०८०आय ऐकून नाराज होऊ नका. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्हीचा सिनेमा किंवा फिल्म मोड चालू केला की चांगला टीव्ही त्या अर्ध्या अर्ध्या चित्रांतून मूळ पूर्ण चित्र परत जुळवतो. तो मोड बंद असेल तर कडा थरथरतात.

आवाजासाठी एचडीएमआय असलेला रिसीव्हर असेल तर उत्तमच, प्लेअर डॉल्बी ट्रूएचडी (डिस्कवरचा दर्जेदार आवाजाचा प्रकार) स्वतः उलगडून सगळ्या चॅनलचा आवाज पीसीएममध्ये, म्हणजे साध्या उलगडलेल्या रूपात पाठवतो. जुना, फक्त ऑप्टिकल सॉकेटचा रिसीव्हर असेल तरी निराश व्हायचं कारण नाही. तोशिबाचे प्लेअर तोच आवाज सेकंदाला दीड मेगाबिटच्या डीटीएसमध्ये, म्हणजे जुन्या रिसीव्हरला कळणाऱ्या प्रकारात बदलून ऑप्टिकलने देतात, आणि तो कानाला फार छान लागतो. रिसीव्हरवर 'डीटीएस' दिसलं तर गोंधळू नका, ते बरोबर आहे.

कम्प्युटरवर

एक्सबॉक्स ३६० चा तो वेगळा ड्राइव्ह यूएसबीने कम्प्युटरला लागतो. त्याचा स्वतःचा पॉवर अडॅप्टर बरोबर हवा, नाहीतर चालत नाही. डेस्कटॉपमध्ये बसवायला एलजीचा जीजीडब्ल्यू-एच२०एल आहे, तो ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी दोन्ही वाचतो. विंडोज व्हिस्टा आणि पुढच्या आवृत्त्यांना डिस्कवरचे फोल्डर दिसतात. सिनेमा लावणं वेगळं: ती सोय पॉवरडीव्हीडीच्या जुन्या अल्ट्रा आवृत्त्यांत होती, पुढे काढून टाकली. या डिस्कवर एएसीएस नावाचं कुलूप आहे. स्वतःच्या डिस्कची प्रत काढण्यासाठीसुद्धा ते तोडायला अमेरिकेचा कायदा मुभा देत नाही, म्हणून त्याची कृती मी इथे देत नाही. पण डिस्क वाचली जातेय का एवढं तपासायला हा ड्राइव्ह माझ्या फार उपयोगी पडतो: डिस्क प्लेअरमध्ये अडते पण ड्राइव्हमध्ये सुरळीत वाचली जाते, म्हणजे दोष प्लेअरच्या भिंगात.

ठेवायचं कुठे, आणि भारतात न्यायचं असेल तर

डब्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, आडव्या रचून नकोत. बेसमेंट ओलसर असेल तर तिथे नकोतच, वरच्या मजल्यावरच्या कपाटात, उन्हापासून आणि हीटरपासून लांब. आमच्याकडे खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या असतात आणि त्या दर उन्हाळ्यात बदलते. पुण्यात, कोकणात संग्रह असेल तर पावसाळ्यात डब्या आठ-पंधरा दिवसांनी उघडून बघा, कागदी कव्हरला बुरशी धरली की ती आत उतरते.

काही जण परत जाताना संग्रह बरोबर नेतात. एक सोय इथे लाल बाजूची आहे. ब्लू-रेला प्रदेशाचं बंधन असतं: अमेरिका आणि जपान ए विभागात, भारत सी विभागात. एचडी डीव्हीडीला असं बंधनच ठेवलेलं नाही. अमेरिकेतली डिस्क, जपानचा प्लेअर, ठाण्यातला टीव्ही, सगळं जमतं.

अडचण विजेची येते. अमेरिकेतल्या प्लेअरच्या मागे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं असतं. भारतात तो थेट २३० व्होल्टला लावलात तर जळू शकतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, प्लेअरवर लिहिलेल्या वॉटपेक्षा निदान दुप्पट क्षमतेचा. ५० हर्ट्झचा त्रास या प्लेअरांना होत नाही. ट्रान्सफॉर्मर बंद कपाटात कोंडू नका, तो गरम होतो, आणि सिनेमा संपला की प्लेअरबरोबर त्याचंही बटण भिंतीवरून बंद करा. प्रवासात डिस्क हातातल्या बॅगेत ठेवा आणि प्लेअरचा ट्रे रिकामा आहे ना, हे खोक्यात घालण्याआधी एकदा उघडून बघा. बऱ्याचदा शेवटी पाहिलेली डिस्क त्यातच राहिलेली असते.